कनातीमागचं एकविसावं शतक

आमच्या हरिओम भाऊजींना धाडमध्ये सगळे पुरावा सर म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण त्यांना माहीत आहे. बुलडाण्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात ते इतिहास शिकवतात, आणि कोणी काहीही सांगितलं, अगदी काल बाजारात वांगी काय भावानं होती एवढंही, तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पुरावा काय? मी या घरात सून म्हणून आले तेव्हा ते चौथीत होते. तेव्हाही मला विचारलं होतं, की तुमच्या माहेरी खरंच दोन विहिरी आहेत का, आणि आमच्यापैकी कोणी त्या पाहिल्या आहेत का.

तीन वर्षांपासून ते एक मंडळ चालवतात, जुनी वाट मंडळ. फाल्गुनात एक दिवस गावाबाहेरच्या पडक्या बारवेजवळ मंडळी जमतात आणि चारशे वर्षं मागं जातात. म्हणजे असं धरायचं, की बुऱ्हाणपूरकडून दक्षिणेला माल घेऊन निघालेला एक काफिला त्या बारवेवर मुक्कामाला उतरला आहे. पाठीवर गोण्या लादलेले बैल, पालं, पहारेकरी, तीन दगडांच्या चुली. भाऊजी याला नाटक म्हणू देत नाहीत. नाटकात बोलणं पाठ असतं. इथं काही पाठ नाही, फक्त तो दिवस त्या काळात काढायचा. त्यांचं साल ठरलेलं आहे, शके पंधराशे पंचेचाळीस. त्याच्या नंतरची एकही वस्तू पाहणाऱ्याच्या नजरेला पडता कामा नये. पहिल्या वर्षी एका फोटोत बैलाच्या शेपटीमागे निळा प्लास्टिकचा ड्रम आला होता. आठवडाभर भाऊजींनी नीट जेवण केलं नाही.

यंदाची गोष्ट मात्र ड्रमपेक्षा मोठी होती. पुण्याची एक संस्था दर हिवाळ्यात एका किल्ल्याच्या पायथ्याशी राज्यभरातल्या अशा मंडळांचा मेळा भरवते. तिथं आमच्या बाजूचं मंडळ कधी गेलेलं नाही. त्या संस्थेच्या प्रेरणा मॅडम आमचा मुक्काम बघायला येणार होत्या. त्यांना पटलं तर मेळ्याचं बोलावणं, नाही पटलं तर मंडळ बंद. बंद हे कोणी मोठ्यानं म्हणत नव्हतं, पण लोक कंटाळले होते. उन्हात धोतर नेसून किती वर्षं बसायचं, असं आमचे हेसुद्धा म्हणाले, आणि हे तर भावाच्या शब्दाबाहेर नाहीत. एका संध्याकाळी मी तुळशीपुढे दिवा लावत असताना भाऊजी पायरीवर येऊन बसले. म्हणाले, "वहिनी, यंदा नाही जमलं तर मी पालं देऊन टाकतो कोनाले तरी." आणि उठून गेले. त्या दिवशी त्यांनी पुरावा हा शब्द एकदाही काढला नाही, त्यावरून मी ओळखलं की मनाला लागलं आहे.

आता त्यांची चूक सांगते. ती तेच करू शकतात, दुसऱ्या कोणाला जमणार नाही. मॅडमनी तारीख मागितली तेव्हा भाऊजींनी सगळा विचार केला. वाट कोरडी हवी, बैलांना चारा हवा, आणि रात्रीच्या पहाऱ्याला चंद्राचा उजेड हवा म्हणून शुद्ध पक्ष धरला, तोही पौर्णिमेच्या अलीकडचा. दिवस ठरला, मॅडमनी तिकीट काढलं. चंद्र बघितला, पण त्या चंद्राची तिथी कोणती हे काही बघितलं नाही. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर मी पुढं केलं तेव्हा ते बराच वेळ त्याच्यापुढे उभे होते. आमलकी एकादशी. आणि शुक्रवार, रमजानचा.

आमच्या मुक्कामाची खरी शोभा दुपारच्या पंगतीत असते. पळसाच्या पत्रावळी, बाजरीची भाकरी, मिरे घातलेलं तुरीचं वरण, बिनामिरचीचं भरीत. स्वयंपाक माझ्याकडे आणि सरवरीभाभीकडे. सरवरीभाभी म्हणजे बद्रुद्दीनभाईंच्या घरच्या. बद्रुद्दीनभाई बैलांना नाल ठोकतात, त्यांच्यामुळेच मंडळाला बैल मिळतात, आणि काफिल्याचे नाईकही तेच होतात. म्हणजे त्या दिवशी नाईकाला रोजा, दोघी स्वयंपाकिणींपैकी एकीला रोजा, दुसरीला एकादशी, आणि उरलेल्यांपैकी अर्ध्यांना यातलं काहीतरी एक.

मंडळी आमच्या अंगणात जमली तेव्हा भाऊजींनी आधी सोपा रस्ता काढून बघितला. पंगतीला बसायचं, पत्रावळीवर वाढून घ्यायचं, घास उचलल्यासारखं करायचं. सरवरीभाभी मात्र पदर सावरून म्हणाली, "सर, रोजा दाखवायसाठी नसते ठेवत, आन् खानं बी दाखवायसाठी नसते खात. आमच्याच्यानं हे होनार नाही."

अंगणात बसलेले जानराव तंबाखू मळायचे थांबले. जानराव आमच्या मंडळातले सर्वांत म्हातारे, गाडीवान होतात. मला वाटलं, विचारून बघावं. मी म्हटलं, "भाऊजी, शके पंधराशे पंचेचाळीसमध्ये एकादशी नव्हती काय?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. बद्रुद्दीनभाई म्हणाले, "आन् रमजान बी असनच की."

त्यानंतर भाऊजींच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी चौथीतल्या हरीच्या चेहऱ्यावर पाहिलेलं होतं. ते उठून येरझारा घालू लागले. काफिल्यात सगळ्या जातीधर्माचे लोक, वाटेत एकादशी येणारच, रमजान येणारच, आणि आजवर कोणत्याच मंडळानं उपासाचा मुक्काम दाखवलेला नाही. ते आत जाऊन पुस्तकं घेऊन आले. मला वाटलं, सुटलो. पण खरी अडचण तिथूनच सुरू झाली, कारण आता प्रश्न आला की त्या काळात उपासाला खात काय होते.

साबुदाणा नाही. साबुदाणा फार पुढचा. शेंगदाणे नाहीत, तेही समुद्रापलीकडून आलेले. बटाटा नाही, रताळं नाही, हिरवी मिरची नाही. राजगिऱ्याबद्दल विद्वानांत वाद आहे, म्हणून तोही नाही. भाऊजी एकेक नाव काढत होते आणि माझ्या डोळ्यांपुढून एकेक एकादशी जात होती. लग्नाच्या आधीपासून धरलेल्या, बाळंतपणं सोडली तर एक न चुकलेल्या. त्या सगळ्या मी साबुदाण्यावर आणि शेंगदाण्याच्या आमटीवर केल्या होत्या. रात्री अंथरुणावर ह्यांना म्हटलं, की माझ्या सगळ्या एकादशा नव्याच निघाल्या. हे म्हणाले, उपास तर जुनाच होता ना, झोप आता. सकाळी पोथीपुढे बसले तेव्हा मन शांत झालं. एवढ्या वर्षांत देवानं मला कधी पुरावा मागितला नाही, मग मीच का देत बसू.

शेवटी भगर ठरली. भगर जुनी, शिंगाड्याचं पीठ जुनं, दूध, दही, केळी, कवठ, जिरे, मिरे, आलं, सैंधव, हे सगळं जुनं. रोजा सोडायला खजूर, टरबूज आणि गुळाचं पाणी. चहा अर्थातच नाही. चहावरून जानराव फार भांडले. त्यांचं म्हणणं, पुरावा सापडला नाही म्हणजे लोक पीत नव्हते असं थोडंच आहे. एखादा गुपचूप पीत असेल. बद्रुद्दीनभाईंची अडचण वेगळी, घड्याळ काढून ठेवलं तर रोजा सोडायची वेळ कशी कळणार. भाऊजी म्हणाले, सूर्य बघून. "सूर्य त्या काळचाच हाये ना, की त्याचा बी वाद हाये?" बद्रुद्दीनभाईंनी विचारलं, आणि भाऊजींसकट सगळे हसले.

एकादशीच्या दिवशी उजाडताच आम्ही बारवेवर गेलो. पळस फुलून लाल झाला होता. भाऊजी वाटेवर उभे राहून एकेकाला तपासत होते. मनगटावरचं घड्याळ काढा, बंडीची चेन दिसते, बंडी बदला. जानरावांची कवळी बघून ते अडखळले. जानराव म्हणाले, "हरी, हे दात काढले तर मी शके पंधराशेतला मुडदा दिसन. काऊन छळून राह्यला बे म्हाताऱ्याले?" कवळी राहिली. माझी साखरेची गोळी राहिली, फक्त कापडाच्या पुरचुंडीत. चष्मे राहिले, पण पाहुण्यांकडे तोंड करताना काढून बंडीत घालायचे. याला भाऊजींनी तब्येतीची सूट असं नाव दिलं. पाण्याचंही असंच. बारवेचं पाणी पिऊ द्यायला मी तयार नव्हते. मग जारचं पाणी लपवून आणून मातीच्या रांजणांत ओतलं.

हे सगळं लपवायला चुलीमागे जाड कापडाची एक कनात लावली होती. तिच्या पलीकडे पाण्याचे जार, सगळ्यांचे मोबाइल, औषधांची पेटी, आणि चटईवर सरवरीभाभीची सून आसमा आपल्या तान्ह्या बाळाला घेऊन बसलेली. अंगावर पाजते म्हणून तिला रोजा नव्हता. त्या जागेला सगळे एकविसावं शतक म्हणत. जानराव सारखे म्हणत, जरा एकविसाव्या शतकात जाऊन येतो. भाऊजींना वाटे ते पाणी प्यायला जातात. ते तंबाखूच्या पुडीसाठी जात.

प्रेरणा मॅडम जीपमधून उतरल्या तेव्हा ऊन चढलं होतं. पस्तिशीच्या असतील, सुती साडी, पायांत साधी चप्पल. त्या फार बोलत नव्हत्या. गोण्यांच्या शिवणी बघितल्या, बैलाच्या पायाखालचा नाल बघितला, पालाचा दोर हातात घेऊन पिळून पाहिला. भाऊजी त्यांच्यामागे दोन पावलं अंतर ठेवून चालत होते, आणि त्या जिथं थांबत तिथं भाऊजींचा श्वासही थांबत होता. मॅडमनी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. इथं पंगत आहे म्हणून बुलडाण्याहून तशाच निघाल्या होत्या. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

भगरीचा हंडा मोठा होता. तुपात जिरं तडतडलं, मिरं आणि आलं पडलं, आधण ठेवलं, आणि मी आधणातच मीठ घातलं. माझी सवय तीच. मग नैवेद्याची जागा सारवायला गेले. सरवरीभाभी चुलीशी बसली. तिची सवय अशी की दाणा अर्धा शिजला की मीठ. तिनंही घातलं. मी नैवेद्य दाखवल्याशिवाय चव बघत नाही, हे तिला ठाऊक आहे. तिला रोजा. जिभेच्या टोकाला लावून थुंकलं तर चालतं असं काही जणी म्हणतात, पण ती तसं करत नाही, हे मला ठाऊक आहे. दोघींनी एकमेकींचं ठाऊक असलेलं सांभाळलं, आणि एवढा मोठा हंडा कोणीच न चाखता उतरला.

सोबत आणलेल्या बाळकृष्णापुढे वाटी ठेवली, तुळशीचं पान वाहिलं, डोळे मिटले. प्रसाद म्हणून तळहातावर चिमूटभर घेऊन तोंडात टाकला. डोळ्यांत पाणी आलं. देवाला मनातल्या मनात म्हटलं, आजच्या दिवस सांभाळून घे. मग सरवरीभाभीजवळ जाऊन हळूच विचारलं, तू मीठ घातलं होतं का. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुमी बी?" आणि आम्हा दोघींना हसू फुटलं. हसण्यासारखं काही नव्हतं. तिकडं चाळीस माणसं पत्रावळी घेऊन बसत होती. पण हसू आवरेना, तोंडात पदर कोंबून आम्ही तिथंच खाली बसलो.

भाऊजी आले तेव्हा आमचं हसू ओसरलं. सगळी भगर हंड्यात होती, घरून आणखी आणायला वेळ नव्हता. दही आधीच वाटून संपलं होतं. पाणी वाढवलं तर पेज होईल आणि तरीही खारटच राहील. तेवढ्यात कनातीपलीकडून आसमाचा आवाज आला. तिनं काल बाजारातून घेतलेले बटाटे तिच्या पिशवीत तसेच होते. "आलू टाका न त्यात. मीठ खेचते. उपासाले चालते ना तुमच्या?"

उपासाला चालतो. भाऊजींच्या सालाला चालत नाही. मी काही सुचवलं नाही. ती माझी जागा नव्हती, मंडळ त्यांचं. मी फक्त त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते दूर पंगतीच्या बाजूला बघत होते. जानराव सकाळपासून चहाविना होते, गाडीखाली सावलीत आडवे झाले होते आणि कुणीतरी त्यांना वारा घालत होतं. मॅडम पंगतीच्या टोकाला मांडी घालून बसल्या होत्या, पत्रावळीतली एक काडी उगाच काढत. भाऊजींनी रुमाल शोधला, रुमाल बंडीत नव्हता. कपाळ उपरण्यानं पुसलं.

"टाका," ते म्हणाले. "पण अख्खे टाका, आन् अख्खेच काढा."

बटाटे कनातीमागे सोलून अख्खे हंड्यात सोडले. सरवरीभाभीनं झाकण ठेवलं आणि त्यावर हात ठेवून बसली, जणू ते पळून जातील. थोड्या वेळानं मोजून बाहेर काढले, ताटलीत घालून आसमाकडे सरकवले. पुन्हा चव बघितली. मीठ अजून चढंच होतं, पण आता माणूस खाऊ शकेल इतपत. एकदम भूक लागलेला माणूस तर आनंदानं खाईल.

पंगत छान झाली. ज्यांना रोजा होता ते बैलांना पाणी दाखवत सावलीत बसले होते. कोणी मुद्दाम काही करत नव्हतं. जानराव दोन घास खाऊन उठून बसले आणि त्यांना गाडीवानाची एक जुनी हाळी आठवली. मॅडमनी दोनदा भगर मागून घेतली. हात धुतल्यावर त्या माझ्याकडे आल्या.

"काकू, मिरचीशिवाय इतकी चव येते हे मला माहीत नव्हतं. एक विचारते. या हंड्यात जे होतं ते सगळं, अगदी सगळं, त्या काळातलंच होतं?"

एकादशीला खोटं बोलायचं नसतं. इतर दिवशीही बोलायचं नसतं, पण इतर दिवशी माणूस पाय घसरला तर उठून उभा राहतो. भाऊजी माझ्यामागेच होते. मी खरं बोलले तर त्यांची तीन वर्षं बुडतात. खोटं बोलले तर माझं जे काय आहे ते बुडतं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले. हंडा मी घासून उलथा ठेवला होता. बटाटे कनातीमागे होते. मी मान हलवली असती तरी भागलं असतं.

"वहिनीले नका विचारू मॅडम," भाऊजी पुढं होऊन म्हणाले. "तिची एकादशी हाये. बटाटा होता त्यात. मीठ जास्त झालं म्हणून मी टाकायले लावला, आन् तुमाले दिसू नये म्हणून काढायले लावला. त्या दोघींचा दोष नाही."

बोलताना त्यांचा आवाज अगदी सरळ होता. वर्गात हजेरी घेतात तसा. मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर काही दिसेना. त्यांनी एवढंच विचारलं, की बटाटे आता कुठं आहेत. जानराव मागून म्हणाले, "एकविसाव्या शतकात."

मॅडम कनात बाजूला सारून आत गेल्या. पाण्याचे जार, मोबाइलचा ढीग, औषधांची पेटी, सगळं उघडं पडलं. भाऊजी बारवेच्या पायरीवर जाऊन बसले. मी त्यांच्यासाठी केळं घेऊन गेले, त्यांनी ते हातात धरून ठेवलं. मग आतून आसमाचं हसणं ऐकू आलं, मग मॅडमचं. नंतर कळलं, मॅडमनी तिच्याजवळ बसून ते खारट बटाटे खाल्ले. एक नाही, तीन. भगरीनं त्यांचं पोट भरलं नव्हतं, आणि तिसऱ्यांदा मागायची लाज वाटली होती.

सूर्य टेकडीमागे जाईपर्यंत बद्रुद्दीनभाई तळहात डोळ्यांवर धरून उभे होते. बुडाला, असं ते म्हणाले आणि सगळ्यांनी खजूर उचलले. त्यांनी पहिला खजूर तोंडात टाकला आणि दुसरा आणून भाऊजींच्या हातातल्या केळ्यावर ठेवला. भाऊजींनी दोन्ही खाल्लं. मॅडम तेव्हा बाहेर आल्या होत्या, मुकाट्यानं बघत होत्या. पण निकालाचं त्या काही बोलल्या नाहीत, आणि कोणी विचारलंही नाही.

त्या रात्री पहारा बघून मॅडम आमच्याच घरी राहिल्या. द्वादशीला सकाळी लवकर पारणं करायचं असतं, आणि आलेल्या माणसाला वाढल्याशिवाय मी घास घेत नाही. वरण, भात, ज्वारीची भाकरी, मेथी, आणि लाल तिखटाची चटणी. मॅडमनी चटणी दोनदा घेतली. सरवरीभाभी आणि बद्रुद्दीनभाई हंडे परत घ्यायला आले होते, ते ओट्यावर बसले, त्यांचा पुढचा रोजा सुरू झाला होता. भाऊजी दाराच्या चौकटीला टेकून उभे. बसा म्हटलं तरी बसेनात.

मॅडम हात धुऊन आल्या आणि सरळ भाऊजींनाच म्हणाल्या, "सर, बटाट्याचं मी कोणाला सांगणार नाही, असं समजू नका. मी सगळ्यांना सांगणार आहे."

भाऊजींनी मान हलवली.

"मी बरीच मंडळं बघते. सगळी सांगतात, आमचं शंभर टक्के. मग मी घरी जाऊन विचार करत बसते की यातलं किती खरं धरायचं. तुमच्याबद्दल तो विचार करावा लागणार नाही. आणि काल दुपारी तिथं कोणी भुकेचं सोंग करत नव्हतं, ते मला फार आवडलं. डिसेंबरात या. फक्त बटाटा घरी ठेवा, कच्ची केळी आणा. आणि ती कनात आणि आसमा, दोन्ही घेऊन या. पाणी कुठून आणलं, औषधं कुठं ठेवली, हे इतर मंडळांनाही बघू दे. तिथं दरवर्षी कोणीतरी उन्हानं चक्कर येऊन पडतं."

सरवरीभाभीनं आत येऊन माझा हात दाबला. ओट्यावरून बद्रुद्दीनभाईंनी विचारलं, की डिसेंबरात एकादशी नसली तर उपासाचा मुक्काम कसा करायचा. मी म्हटलं, जी तिथी असेल ती पाळू. आमच्यात काही ना काही असतंच.

मग कुठं भाऊजी खाली बसले. भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, आणि तोंडाजवळ नेऊन थांबले. किल्ला दूर होता, घाट होता, आणि बैलांशिवाय काफिला होत नाही. आम्हा सगळ्यांना ते काय म्हणणार हे कळलं. "बैल चालवत नेले तर," ते म्हणाले, "पंधरा-वीस दिवस..."

बद्रुद्दीनभाई नुसते त्यांच्याकडे बघत राहिले, नाल चुकीचा ठोकणाऱ्याकडे बघतात तसे. भाऊजींनी घास तोंडात टाकला, चावला, गिळला.

"बद्रुद्दीनभाई," ते म्हणाले, "एका ट्रकात बैल किती बसतात?"

"चार," बद्रुद्दीनभाई म्हणाले. "आन् खाली गवत टाका. पाय घसरतात त्यांचे."